अमेरिकेत बी.एस. करतेय. अ‍ॅथलेटिक ट्रेनर (खेळाडूंच्या दुखापती सांभाळणारा) व्हावं का हे ठरवायला कॉलेजच्या ट्रेनरबरोबर शॅडोइंग करून, म्हणजे सोबत राहून त्याचं काम बघून, काही कळतं का?

कळतं. फक्त मॅचच्या दिवशी जाऊ नकोस, सरावाच्या साध्या दिवशी जा.

मॅचला ट्रेनर बराच वेळ साइडलाइनला नुसता उभा दिसतो. खरी धांदल सरावाआधी ट्रेनिंग रूममध्ये असते. मी ज्या बाईंबरोबर होते, त्यांच्या टेबलापुढे दुपारी रांग लागायची. पाऊल काटकोनात धर म्हणायचं, पातळ फोमचा प्री-रॅप गुंडाळायचा, वर-खाली टेपच्या आधारपट्ट्या म्हणजे अँकर, मग टाचेखालून घोट्याच्या दोन्ही बाजूंनी वर चढणाऱ्या पट्ट्या, शेवटी टाच आवळणारा हील लॉक. टेपला सुरकुती पडली की फोड येतो, म्हणून बाई ती पट्टी सरळ उचकटून दुसरी लावत. हात चालू असतानाच चौकशी: झोप झाली का, जिना उतरताना दुखतं का. मग व्यायाम, बर्फ, आणि प्रत्येकाची कॉम्प्युटरवर नोंद. या नोंदींचा कंटाळा येणार असेल तर आत्ताच कळलेलं बरं.

तुला कुणाला हात लावू देणार नाहीत. गोपनीयतेच्या कागदावर सही घेतील, मधेच ‘जरा बाहेर थांब’ म्हणतील. मनाला लावून घेऊ नकोस.

लक्ष ठेव ते कोचशी होणाऱ्या बोलण्यावर. कन्कशनचा, म्हणजे मार बसून मेंदूला इजा झाल्याचा, संशय आला की खेळाडूला लगेच बाहेर काढून तपासतात, आणि कन्कशन ठरलं तर तो त्या दिवशी परत उतरत नाही. लक्षणं गेल्यावरही त्याला टप्प्याटप्प्यानेच सोडतात. ‘शनिवारपर्यंत होईल ना?’ असं कोच तीनदा विचारतो, बाई तीनदा ‘नाही’ म्हणतात, आणि मग दोघं एकाच बसने मॅचला जातात. हे रोज झेपेल का, ते स्वतःला विचार.

जमलं तर ऑगस्टमध्येही जा. अमेरिकन फुटबॉलचा प्रीसीझन, म्हणजे सीझनआधीचा सराव, सुरू असतो आणि मैदानाच्या कडेला बर्फाच्या पाण्याचा टब भरून ठेवलेला असतो. श्रमाने उष्माघात झालेल्याला आधी तिथेच गार करायचं, मग अ‍ॅम्ब्युलन्समध्ये घालायचं. घरचे ‘म्हणजे जिममधला ट्रेनर ना?’ म्हणत असतील, तर त्यांना 2 जानेवारी 2023 सांग. त्या रात्री बफेलो बिल्स या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघाचा खेळाडू डमार हॅमलिन हृदय बंद पडून मैदानात कोसळला, तेव्हा त्याला सीपीआर देणारा डेनी केलिंग्टन हा संघाचा असिस्टंट अ‍ॅथलेटिक ट्रेनर होता.

आता नुसत्या बी.एस.वर भागत नाही. सीएएटीईची (या कोर्सेसना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेलं मास्टर्स, नंतर बीओसीची (ट्रेनरना प्रमाणपत्र देणारं मंडळ) परीक्षा, आणि कॅलिफोर्निया सोडला तर बहुतेक ठिकाणी राज्याची परवानगी लागते. अनेक मास्टर्स कोर्सेस प्रवेशासाठी निरीक्षणाचे तास मागतात, तेव्हा दर वेळी तासांच्या कागदावर ट्रेनरची सही घे.

पुढे भारतात परतायचा विचार असेल तर मात्र थांब. तिकडे हे काम मुख्यतः स्पोर्ट्स फिजिओ करतात आणि त्याला फिजिओथेरपीचीच पदवी लागते. तसं असेल तर एखाद्या फिजिकल थेरपिस्टबरोबरही (अमेरिकेत फिजिओला हेच म्हणतात) थोडे दिवस काढ. अमेरिकेत त्याचा कोर्स म्हणजे साधारण तीन वर्षांची डॉक्टरेट आहे, खर्च त्या हिशोबाने धर.

हेड अ‍ॅथलेटिक ट्रेनरला थेट मेल कर, पत्ता कॉलेजच्या स्पोर्ट्स मेडिसिनच्या पानावर मिळेल. जाताना बंद बूट घाल. दुसऱ्या कॉलेजच्या नावाचा टी-शर्ट तेवढा घालू नकोस, दिवसभर टोमणे ऐकावे लागतील.