लॉची फी भागते, खरी ओढाताण सनद मिळाल्यावर

दादा, तुम्ही विचारलंय की बहिणीचा पुण्यात पाच वर्षांच्या लॉला नंबर लागलाय, प्रवर्ग एससी, आई-वडील ऊसतोडीला जातात, तर पैशाचं कसं करायचं. तिला पाठवाच. मी जिल्हा कोर्टात वकिली करतो आणि दरवर्षी अशा मुलांचे फॉर्म भरून देतो, म्हणून ठामपणे सांगतोय.

फीसाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज करा. घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि जात वैधता आत्ताच काढायला टाका. दसऱ्यानंतर टोळी कारखान्यावर गेली की सह्यांना घरात कुणी सापडत नाही. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच पडतात, तेव्हा नेमकं कुठलं खातं जोडलंय ते बँकेत विचारून घ्या. एका मुलीचे पैसे गावाकडच्या जुन्या खात्यात आले होते आणि ती पुण्यात महिनोन् महिने वाट बघत होती.

यात केंद्राचा 60 टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फी तिने कॉलेजात भरायची असते. घरात मुकादमाची उचल फेडायची असेल, कुणी आजारी असेल, तर त्या रकमेवर सगळ्यांचा डोळा जातो. कितीही नड असली तरी त्याला हात लावू देऊ नका. थकलेल्या फीपायी शिक्षण सोडलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत.

राहण्यासाठी आधी समाजकल्याणच्या वसतिगृहाला अर्ज करा. तिथे नाही झालं तर राहण्या-जेवणासाठी पैसे देणारी स्वाधार योजना आहे. पुण्यासाठी वर्षाला 60 हजार मिळतात, पण हप्ते उशिरा येतात. सुरुवातीच्या महिन्यांची खोली-मेसची सोय घरूनच करावी लागेल.

आता तुम्ही न विचारलेलं. सर्वोच्च न्यायालयाच्या 30 जुलै 2024 च्या निकालानंतर सनदेसाठी, म्हणजे वकिलीच्या परवान्यासाठी, एससी-एसटी उमेदवारांकडून नोंदणी शुल्क म्हणून 125 रुपयांच्या वर घेता येत नाही. पूर्वी इथे हजारो रुपये जायचे. मात्र सनद हातात आली की शिष्यवृत्ती संपते आणि सीनियरकडे बऱ्याचदा फक्त प्रवासखर्च सुटतो. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या देशपातळीवरच्या संस्थेने 2024 मध्ये ज्युनिअरला शहरात 20 हजार आणि ग्रामीण भागात 15 हजार विद्यावेतन सुचवलं, पण ते बंधनकारक नाही. त्यात सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2025 च्या निकालाने न्यायाधीशपदाच्या परीक्षेआधी तीन वर्षांची वकिली सक्तीची केली. ज्याच्या बापाचं शहरात घर आहे त्याची ही वर्षं निघून जातात, ऊसतोड कामगाराच्या मुलीने ती कशावर काढायची? हा अन्याय आहे आणि सरकारने या काळासाठी विद्यावेतन द्यायलाच हवं.

तोवर एक वाट आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं बचाव वकील कार्यालय गरीब आरोपींना मोफत वकील देतं, तिथे सहायक पदासाठी नवे वकीलही चालतात आणि दरमहा मानधन मिळतं. बहिणीला चौथ्या वर्षापासूनच तिथे इंटर्नशिपला जायला सांगा, फौजदारी कामाची ओळख होईल आणि जागा निघाली की लगेच कळेल.