वाचक विचारतात: परदेशात नेलेल्या वस्तूंची पिन बदलताना

प्रश्न: दादा नमस्कार. आम्ही दोन महिन्यांपूर्वी भारतातून इंग्लंडला आलोय, येताना मिक्सर, इस्त्री आणि एक टेबल लॅम्प सोबत आणला. ॲडॅप्टर लावून सगळं चालवतोय पण मिक्सरचा ॲडॅप्टर सॉकेटमध्ये हलतो, मधेच बंद पडतो आणि हात लावला तर चांगला गरम लागतो. नवरा म्हणतो जुनी पिन कापून इथली लावू, पाच मिनिटांचं काम आहे. मला भीती वाटते. मिक्सरच्या वायरीत तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी अशा तीन वायरी आहेत म्हणे, इस्त्री जुनी आहे तिच्यात लाल, काळी, हिरवी. काय करू?

उत्तर: ताई, तो गरम होणारा ॲडॅप्टर आधी काढून ठेवा, बाकीचं नंतर वाचा. हलतो आणि तापतो म्हणजे आतल्या पत्र्याची पकड ढिली झालीये, तिथे स्पार्किंग होतंय, आणि मिक्सरची मोटर सुरू होताना जोरात करंट ओढते तेव्हा सगळा ताप त्याच जागी जमा होतो. ॲडॅप्टर ही प्रवासातली वस्तू आहे, चार दिवस फोन चार्ज करायला ठीक, रोजच्या मिक्सरला नाही. त्यामुळे मिस्टरांचं म्हणणं बरोबर आहे, पिन बदलायचीच. फक्त पाच मिनिटं नाही, पहिल्यांदा करताय तर अर्धा तास धरा.

पिन कापायच्या आधी वस्तू उलटी करून खालची पाटी वाचायची. बारीक अक्षरात व्होल्ट, हर्ट्झ आणि वॉट लिहिलेले असतात. भारतात 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, इंग्लंडमध्येही 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झच, म्हणजे तुमच्या तिन्ही वस्तूंना वीज तीच मिळणार, बदलतोय तो नुसता सॉकेटचा आकार. तुमचं नशीब चांगलं, सगळ्यांचं नसतं, खाली अमेरिकेचा प्रश्न आलाय तो बघा.

आता रंग. तपकिरी म्हणजे फेज, जिच्यातून वीज येते, निळी म्हणजे न्यूट्रल, जिच्यातून ती परत जाते, हिरवी-पिवळी म्हणजे अर्थिंग, बिघाड झाला तर करंट जमिनीकडे नेणारी. हे रंग असेच नाही निवडलेत, रंगांधळ्या माणसालाही ओळखता यावेत असा विचार त्यामागे आहे, म्हणून तर अर्थिंगला एक रंग न देता पट्टे दिलेत. तुमच्या इस्त्रीतले रंग जुन्या पद्धतीचे, लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. पण इस्त्रीची वायर मानेपाशी, म्हणजे जिथून ती इस्त्रीत शिरते तिथे, वाकवून बघा. कडक झालीये, चिरा पडल्यात, आतला रंग दिसतोय, तर नवीन पिन लावून उपयोग नाही, आधी अख्खी वायरच बदलून घ्यावी लागेल आणि ते घरी करू नका.

इंग्लंडचा प्लग उघडलात की वर एक आणि खाली दोन असे तीन स्क्रू दिसतील, शेजारी एल, एन, ई अशी अक्षरं कोरलेली असतात. ई म्हणजे अर्थिंग, ती वरच्या लांब पिनेला. एल म्हणजे फेज, ज्या बाजूला फ्यूज बसवलाय ती बाजू. एन न्यूट्रल. अक्षरं वाचूनच लावा, डावं-उजवं पाठ करू नका, प्लग हातात उलटा धरला की डाव्याचं उजवं होतं आणि आपल्याला कळतही नाही.

कापताना वस्तू सॉकेटमधून काढलेली आहे ना हे दोनदा बघा, हसू नका, घाईत माणसं काय काय करतात. बाहेरचं जाड कव्हर साधारण चार-पाच सेंटीमीटर सोलायचं, आतल्या वायरींचं इन्सुलेशन मात्र टोकाला फक्त सहा-सात मिलीमीटर. सोलताना ब्लेड तांब्याला लागलं आणि चार तारा तुटल्या तर ते टोक कापून टाका आणि परत सोला, कारण उरलेल्या तारांवर सगळा भार येतो. तारा बोटांनी पिळून घ्या, स्क्रूखाली नीट दाबल्या जातील आणि एकही केस बाहेर लोंबत राहणार नाही असं बघा. काही जण टोकाला सोल्डर, म्हणजे वितळवून लावायचा जोडकामाचा धातू, लावतात, दिसायला छान घट्ट दिसतं, पण सोल्डर मऊ असतं, स्क्रूच्या दाबाखाली ते हळूहळू पसरतं आणि काही महिन्यांनी कनेक्शन ढिलं होतं. मी हे शिकलो ते स्वतःच्या चुकीने, पहिल्या पहिल्यांदा मी एका हीटरच्या पिनेत झोकात सोल्डर लावलं होतं, थंडी संपायच्या आत एलच्या बाजूचं प्लास्टिक पिवळं पडून कुरकुरीत झालं आणि जळका वास आला म्हणून लक्षात आलं, नाहीतर आलं नसतं.

अजून दोन गोष्टी, ज्या घाईत राहतात. एक, अर्थिंगची वायर बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेवा. वायरीत पाय अडकून कोणी प्लग ओढला तर आधी फेज आणि न्यूट्रल तुटल्या पाहिजेत, अर्थिंग सगळ्यात शेवटी. दोन, प्लगच्या तोंडाशी जी पकड असते तिच्यात वायरीचं बाहेरचं जाड कव्हर आलं पाहिजे. आतल्या रंगीत वायरी पकडीत आल्या असतील तर सोलण्यात चूक झालीये, थोडं जास्त सोललंय, परत करा. झाकण लावल्यावर वायर जरा ओढून बघा, आत काही सरकलं नाही पाहिजे.

आणि फ्यूज. हा तिथला खास प्रकार, भारतातल्या गोल पिनांच्या प्लगमध्ये फ्यूज नसतो म्हणून आपल्या डोक्यात तो येतच नाही. तिथल्या घरात सॉकेटची वायरिंग बहुतेक रिंगसारखी फिरवलेली असते आणि तिच्यावर 32 अँपिअरचा ब्रेकर, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, असतो, दुसऱ्या महायुद्धानंतर तांबं वाचवायला ही पद्धत आली आणि हा चौकोनी पिनांचा प्लगही तेव्हाचाच, 1947 च्या स्टँडर्डचा. आता तुमच्या लॅम्पची ती बारीक वायर शॉर्ट झाली किंवा दबून तापायला लागली तर 32 अँपिअरच्या ब्रेकरला पत्ताही लागेलच असं नाही, तोवर वायर पेटेल. म्हणून प्रत्येक प्लगमध्ये वेगळा फ्यूज. बाजारात नवीन प्लग घेतला की त्यात बहुतेक 13 चाच असतो. साधारण 700 वॉटपर्यंतच्या वस्तूला 3 अँपिअरचा टाकायचा, त्याच्या वर 13. तुमच्या लॅम्पला 3, इस्त्रीला 13. मिक्सर 750 वॉटचा असेल तर भागाकार केला की सव्वातीन अँपिअर येतात, 3 चा सारखा उडत बसेल, 13 टाका, आणि वायर बारीक वाटली तर 5 चाही मिळतो. 13 अँपिअर म्हणजे साधारण 3000 वॉट, त्याच्या वर काहीच त्या प्लगवर चालवायचं नाही.

सगळं झाल्यावर मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट, रेझिस्टन्स मोजायचं छोटं यंत्र, असेल तर वस्तू सॉकेटला न लावता अर्थिंगची पिन आणि इस्त्रीचा धातूचा तळ यांच्यामध्ये बघा, रेझिस्टन्स जवळजवळ शून्य आला पाहिजे, आणि फेजची पिन आणि तळ यांच्यात काहीच कनेक्शन दिसता कामा नये. मल्टिमीटर नसेल तर इस्त्री तरी एखाद्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, लॅम्पचं एक वेळ चालेल.

प्रश्न: आम्ही पुढच्या महिन्यात अमेरिकेला शिफ्ट होतोय. मिक्सर आणि पाणी तापवायचा हीटर न्यायचा आहे, तिथे गेल्यावर पिन बदलली की झालं ना? की ट्रान्सफॉर्मर लागेल?

उत्तर: नाही, झालं नाही. तिथे घरातल्या नेहमीच्या सॉकेटला 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झ येतात. पिन बदललीत तर ती सॉकेटमध्ये छान बसेल आणि त्यानेच फसायला होतं. 230 व्होल्टचा 1000 वॉटचा हीटर 120 वर लावला तर तो निम्म्या ताकदीने चालत नाही, व्होल्टेज निम्मं झालं की पॉवर जवळपास चौथाई होते, म्हणजे हातात येणार 270 वॉटच्या आसपास, पाणी कोमट व्हायलाही कंटाळा येईल. मिक्सर फिरेल पण मरगळल्यासारखा, भांड्यात काही जड टाकलं की अडकेल आणि अडकलेली मोटर तापते.

याच्या उलट केलं तर जास्त वाईट. तिकडून परत येताना 120 व्होल्टचा 1000 वॉटचा हीटर आणून 230 ला लावला तर हिशोबाने साडेतीन हजार वॉटच्या वर जातो, म्हणजे बटण दाबताच लाल होऊन गेला. परत येणाऱ्यांनी हे जास्त लक्षात ठेवा.

ट्रान्सफॉर्मर मिळतो, 120 चे 230 करणारा, पण 750 वॉटच्या मिक्सरला मोटर सुरू होताना लागणारा जास्तीचा करंट धरून 1500 व्हीएच्या (ट्रान्सफॉर्मरची ताकद वॉटऐवजी व्हीएमध्ये लिहितात) आसपासचा घ्यावा लागतो, तो जड असतो, आणि हीटरसाठी घेणं तर निव्वळ वेडेपणा. शिवाय ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट बदलतात, हर्ट्झ नाही. मिक्सरच्या मोटरला त्याने फार फरक पडत नाही, पण विजेच्या हर्ट्झवर चालणारं घड्याळ असेल तर 50 चं घड्याळ तिथे तासाला बारा मिनिटं पुढे जाईल. माझं मत विचाराल तर मिक्सर आणि हीटर दोन्ही इथेच कोणाला देऊन टाका.

आणि तिथे कुठल्याही वायरीला हात लावणार असाल तर एक गोष्ट डोक्यात घट्ट बसवा. तिथे काळी वायर म्हणजे फेज आणि पांढरी म्हणजे न्यूट्रल. आपल्याकडच्या जुन्या वायरीत काळी न्यूट्रल. ज्या माणसाचा हात वर्षानुवर्षं लाल-काळीवर बसलाय तो तिथे सवयीने काळीला गरीब समजतो. प्लगच्या आत पितळी स्क्रूला काळी, चंदेरीला पांढरी, हिरव्याला हिरवी. दोन चपट्या वायरी जोडलेल्या लॅम्पच्या वायरीत रंगच नसतो, तिथे बोट फिरवून बघायचं, जिच्यावर बारीक रेघा लागतात ती न्यूट्रल, आणि ती प्लगच्या रुंद पात्याला.

प्रश्न: मी जर्मनीत असतो. इस्त्रीला तीन वायरी होत्या, मला दोन पिनांचा प्लग मिळाला, म्हणून हिरवी-पिवळी आत कापून टाकली आणि टेप लावली. चार महिने व्यवस्थित चालतंय. ठीक आहे ना?

उत्तर: नाही. चालतंय कारण अर्थिंगचा चालण्याशी संबंधच नसतो. ज्या दिवशी आतली फेजची वायर सुटून इस्त्रीच्या पत्र्याला लागेल त्या दिवशी अर्थिंग असती तर करंट तिच्यातून जाऊन ब्रेकर पडला असता. आता तो करंट तुमच्यातून जायची वाट बघतोय, आणि इस्त्री करताना शेजारी ओले कपडे असतातच. आजपासून ती वापरू नका. तुमच्याकडे जो जाड गोल प्लग असतो, 16 अँपिअरचा, त्याला पिना दोनच दिसतात पण कडेला धातूच्या दोन पट्ट्या असतात, त्या म्हणजे अर्थिंग. तो आणा आणि टेप काढून तिन्ही वायरी लावा, हिरवी-पिवळी आखूड झाली असेल तर तिन्ही मागून कापून परत सोला. तो प्लग सॉकेटमध्ये दोन्ही बाजूंनी बसतो त्यामुळे फेज-न्यूट्रलची अदलाबदल होतेच, त्याचा विचार करत बसू नका, अर्थिंग जागेवर पाहिजे.

दोन वायरींवर चालणाऱ्या वस्तूही असतात हे खरं. पाटीवर एका चौकोनात दुसरा चौकोन काढलेला असेल तर ती डबल इन्सुलेशनची, तिला अर्थिंग लागत नाही आणि तिच्या वायरीत मुळात तिसरी नसतेच. तिसरी आहे म्हणजे लागते.

प्रश्न: लॅपटॉपच्या चार्जरची पिन कापू का?

उत्तर: अजिबात नको. चार्जरवर 100 ते 240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ असं लिहिलेलं असेल तर तो कुठेही चालतो, आणि त्याची सॉकेटपासून चार्जरपर्यंतची वायर बहुतेक वेळा निघते. ती वायर जुनी घेऊन दुकानात जा आणि तेच तोंड असलेली तिथल्या पिनेची वायर आणा. पिन कापण्यापेक्षा हे केव्हाही बरं. बाकी वस्तूंचीही वायर मागून निघते का ते आधी बघून घ्या, लोक हे बघतच नाहीत.

प्रश्न: कापलेली जुनी पिन, तिला हातभर वायर आहे, ठेवून देऊ का, कधी लागली तर?

उत्तर: ठेवू नका. घरातल्या कोणी ती ड्रॉवरमधून काढून सॉकेटला लावली तर हातभर वायरीच्या उघड्या टोकाला अख्खे 230 व्होल्ट. आमच्याकडे असंच झालं होतं, मोठा आवाज झाला, भिंतीवर काळा डाग पडला, सुदैवाने टोक हातात नव्हतं, जमिनीवर होतं. पकडीने पिना वाकवा, वायर प्लगच्या अगदी बुडाशी कापा आणि मग टाका. ती गोल पिनांची असेल तर भारतात नेऊन वापरू असाही विचार करू नका, मोल्डेड, म्हणजे वायरीसकट एकसंध ओतलेली, असेल तर ती उघडतच नाही.