आयबीएम पीसीच्या जुन्या सीजीए ग्राफिक्स कार्डावर १६०×१०० मध्ये १६ रंग कसे मिळवायचे?

तुमच्या दोन अडचणी आहेत: बायोसच्या (मशीनच्या रॉममधल्या मूळ प्रोग्रॅमच्या) यादीत हा मोड सापडत नाही, आणि टेक्स्ट मोडमधून जुळवून पाहिलं तर अर्धे पिक्सेल लुकलुकतात. पहिलीचं कारण सोपं आहे. आयबीएमने कार्डाच्या माहितीत १६०×१०० चा उल्लेख केला, पण रॉममध्ये त्यासाठी काहीच दिलं नाही. ते काम आपल्यालाच करावं लागतं.

हा खरं तर ग्राफिक्स मोड नाहीच. ८०×२५ चा टेक्स्ट मोडच आहे, फक्त प्रत्येक अक्षर वरच्या दोन स्कॅनलाइनींवर (पडद्यावरच्या ठिपक्यांच्या आडव्या रेघांवर) छाटलेलं. त्यामुळे पडद्यावर २५ ऐवजी १०० ओळी बसतात. प्रत्येक जागी २२२ क्रमांकाचं अक्षर ठेवायचं, ज्याचा उजवा अर्धा भाग भरलेला असतो. मग अक्षराचा रंग म्हणजे उजवा पिक्सेल आणि पार्श्वभूमीचा रंग म्हणजे डावा. अक्षरांना पुन्हा कधी हात लावायचा नाही, फक्त रंगाचे बाइट बदलायचे.

आधी बायोसने मोड ३ लावा. पोर्ट ३डी८ वर १ लिहून चित्र बंद करा. मग ३डी४ वर रजिस्टरचा क्रमांक आणि ३डी५ वर किंमत, या जोडीने ६८४५ चिपमध्ये (कार्डावरची, पडद्याच्या ओळींची मोजणी सांभाळणारी चिप) हे भरा (किमती हेक्समध्ये): रजिस्टर ४ मध्ये ७एफ, ६ मध्ये ६४, ७ मध्ये ७०, ९ मध्ये १. रजिस्टर ५ मध्ये आधीच ६ असतं, ते तसंच ठेवा. हिशेब जुळतो का बघा: १२८ ओळी गुणिले २, अधिक ६, म्हणजे २६२ स्कॅनलाइनी. मूळ मोडमध्येही ३२ गुणिले ८ अधिक ६, तेवढ्याच. बेरीज चुकली की मॉनिटरवरचं चित्र गडगडायला लागतं.

आता बी८०० सेगमेंटमध्ये, म्हणजे पडद्याच्या मेमरीत, २२२ आणि ० हे बाइट आलटून पालटून भरा आणि शेवटी ३डी८ वर ९ लिहा. तुमचं लुकलुकणं नेमकं इथलं आहे. मोड ३ मध्ये तिथे हेक्स २९ असतं, त्यातला २० म्हणजे ब्लिंकचा बिट. तो चालू असेल तर पार्श्वभूमीला आठच रंग मिळतात आणि उरलेल्या आठांच्या जागी अक्षर लुकलुकतं. मीही यात एक अख्खी संध्याकाळ घालवली होती, आणि दोष माझ्या पिक्सेल काढणाऱ्या रुटीनमध्येच शोधत बसलो होतो.

पिक्सेलचा पत्ता मात्र फार गोड निघतो: y गुणिले १६०, अधिक (x ऑर १, म्हणजे x चा शेवटचा बिट १ करून). x=६, y=३ घ्या: ४८० अधिक ७, म्हणजे ४८७. x=७ लाही तोच बाइट. x सम असेल तर वरचे चार बिट बदलायचे, विषम असेल तर खालचे. भागाकार नाही, काही नाही.

खऱ्या कार्डावर ८० कॉलमच्या मोडमध्ये चित्र चालू असताना मेमरीला हात लावला की पांढरे ठिपके उडतात, त्यालाच स्नो म्हणतात. पोर्ट ३डीए चा बिट ० तपासून लिहिता येतं, पण आडव्या रिट्रेसमध्ये (एक रेघ संपून किरण पुढच्या रेघेच्या सुरुवातीला परततो तेवढ्या वेळात) जेमतेम एखादा बाइट लिहून होतो. म्हणून मी ८००० बाइटांचा बफर वेगळा ठेवतो आणि फक्त बदललेला भाग उभ्या रिट्रेसमध्ये (किरण तळापासून वर परततो त्या वेळात) उतरवतो. ४.७७ मेगाहर्ट्झच्या ८०८८ प्रोसेसरला अख्खा पडदा तेवढ्या वेळात उतरवणं झेपत नाही.

व्हीजीएवर (नंतरच्या काळातल्या ग्राफिक्स कार्डावर) वरच्या किमती मुळीच वापरू नका. तिथे ४०० लाइनी असतात, त्यामुळे रजिस्टर ९ वाचून त्याच्या फक्त खालच्या पाच बिटांत ३ भरा, आणि ब्लिंक बंद करायला इंटरप्ट हेक्स १० चं १००३ फंक्शन बीएल मध्ये ० ठेवून वापरा. अक्षर तिथे नऊ ठिपके रुंद असल्याने उजवा पिक्सेल डाव्यापेक्षा एका ठिपक्याने जाड दिसेल. डॉसबॉक्समध्ये (जुन्या डॉस पीसीची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) तपासणार असाल तर आधी सेटिंगमध्ये मशीनचा प्रकार सीजीए करून घ्या.