हललं काय: हात की टिपरू?

वाचकांचे प्रश्न : कॅमेरा आणि प्रिंट

प्रश्न : विसर्जन मिरवणुकीत संध्याकाळी ढोलपथकाचे फोटो काढले. क्रॉप सेन्सरचा (१.५ पट) कॅमेरा, ५५-२०० मिमी झूम, लेन्सवरचं स्टॅबिलायझेशन चालू. शटर १/३० सेकंद, अ‍ॅपर्चर एफ ५.६ (लेन्सचं छिद्र), आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ८००. बहुतेक फोटो हललेले आले. स्टॅबिलायझेशन बिघडलं असेल का? (कोल्हापूर)

उत्तर : लेन्स दुरुस्तीला टाकण्याआधी एक फोटो संगणकावर १०० टक्के मोठा करा आणि तीन ठिकाणी बघा : मागच्या भिंतीवरची पाटी, वादकाचा फेटा आणि त्याच्या हातातलं टिपरू. तिन्ही एकाच दिशेला फराटल्यासारखे दिसले, तर कॅमेरा हलला. पाटी स्वच्छ, फेटा जरासा मऊ आणि टिपरू म्हणजे नुसता पांढुरका पंखा, असं असेल तर तुमचा हात स्थिर होता, हलला तो वादक. आणि वादक मऊ पण त्याच्या मागचा माणूस कडक असेल, तर फोकस मागे गेलाय, हलण्याचा संबंधच नाही. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून दुसरी शक्यता जास्त वाटते.

स्टॅबिलायझेशन फक्त तुमच्या हाताची थरथर भरून काढतं. लेन्समधलं भिंग किंवा बॉडीतला सेन्सर थरथरीच्या उलट सरकतो, इतकंच. समोरच्याला ते थांबवू शकत नाही. क्रॉप म्हणजे लहान सेन्सरवर २०० मिमीची लेन्स दीडपट, ३०० सारखी वागते; आणि शटर निदान लेन्सच्या मिमीच्या आकड्याइतकं हवं, म्हणजे स्टॅबिलायझेशनशिवाय हातात धरून १/३०० पेक्षा हळू जाऊ नये. त्याची तीन स्टॉपची मदत (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) धरली तर १/४० पर्यंत उतरता येतं. तुमचं १/३० त्या काठावरचं. देवळाच्या शिखराला ते कदाचित चाललं असतं; ढोल बडवणाऱ्याला १/२५० तरी हवं, टिपरू हवेत थांबलेलं हवं असेल तर १/५०० किंवा त्याहून जास्त.

१/३० वरून १/२५० म्हणजे तीन स्टॉप. तेवढा उजेड कुठून तरी आणावा लागणार. आयएसओ ८०० चा ६४०० करा, हा सरळ मार्ग. दाणे दिसतील, पण ८ × १२ इंचांच्या प्रिंटमध्ये दाणे खपून जातात, हललेला चेहरा खपत नाही. दुसरा मार्ग पायांचा : पुढे जा आणि झूम ५५ वर आणा. या जातीच्या लेन्सला तिथे साधारण एफ ४ (आकडा लहान, छिद्र मोठं) मिळतं, म्हणजे एक स्टॉप वाचला आणि आयएसओ ३२०० वर भागलं. ५० मिमी एफ १.८ जवळ असेल तर ५.६ पासून सव्वातीन स्टॉप मिळतात, मग आयएसओ ८०० सुद्धा पुरतो. मात्र फोकस डोळ्यावरच हवा, कारण मागचं-पुढचं सगळं विरघळतं. मेनूत ऑटो आयएसओ लावून किमान शटर १/२५० ठरवून टाका, म्हणजे गर्दीत चाकं फिरवत बसावं लागत नाही.

एलईडीच्या झगमगाटात फोटोवर आडवे काळपट पट्टे आले, तर तो दिव्यांच्या लुकलुकण्याचा दोष. आपल्याकडच्या ५० हर्ट्‌झ विजेवर असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. १/१०० किंवा १/५० वर पट्टे बहुधा जातात, नाहीतर कॅमेऱ्यातला अँटी-फ्लिकर चालू करा.

आता बोटाचं. बटण अर्धं दाबा आणि व्ह्यूफाइंडरमधलं चित्र ‘बसेपर्यंत’ थांबा, अर्धा ते एक सेकंद. तेवढा वेळ न देता खटकन दाबलं तर स्टॅबिलायझेशन जागंच झालेलं नसतं. डावा तळवा लेन्सच्या खाली, कोपर बरगडीला टेकलेले. तीन-तीनचे बर्स्ट (सलग फोटो) घ्या; बोटाचा झटका बहुधा पहिल्या फोटोत जातो, मधला चांगला निघतो.

प्रश्न : ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद करावं का? (रत्नागिरी)

उत्तर : हो, बंद करा. कॅमेरा स्थिर असताना यंत्रणा नसलेली थरथर शोधत बसते आणि तिच्या स्वतःच्याच हालचालीने सेकंदा-दोन सेकंदांचे फोटो मऊ पडतात. काही नव्या लेन्स ट्रायपॉड ओळखतात, पण तुमची ओळखते का हे पुस्तिकेत बघूनच भरवसा ठेवा. मोनोपॉडवर (एकपायी काठीवर) चालूच असू द्या. ट्रायपॉडवर दोन सेकंदांचा टायमर लावा, आणि घरी येताना स्टॅबिलायझेशन पुन्हा चालू केलं का ते बघा. हे विसरणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

बॉडीत स्टॅबिलायझेशन असलेल्या कॅमेऱ्यावर रोलच्या जमान्यातली जुनी लेन्स लावत असाल, तर फोकल लेंथ (लेन्सवरचा मिमीचा आकडा) मेनूत हाताने भरावी लागते. ५० ची लेन्स आणि मेनूत राहिलेला १३५ चा आकडा असला, की सेन्सर गरजेपेक्षा जास्त सरकतो आणि फोटो उलट हलतो.

प्रश्न : मोबाइलवरचा फोटो १२ × १८ काढून घेतला. पडद्यावर छान होता, प्रिंट काळी आली आणि वरून आजीचा अंबाडाच कापला गेला. चूक लॅबची ना? (नाशिक)

उत्तर : कापलं जाणं हा गणिताचा भाग. मोबाइलचा फोटो सहसा ४:३ प्रमाणात असतो, १२ × १८ हा कागद ३:२ चा. १८ इंच रुंदी भरायची तर चित्राची उंची साडेतेरा इंच होते आणि दीड इंच वर-खाली उडतो. एक तर आधीच ३:२ मध्ये स्वतः कापून द्या, म्हणजे काय जातंय ते तुम्ही ठरवाल. नाहीतर लॅबला सांगा, ‘पूर्ण फोटो बसवा, पांढरी कड चालेल’. दोन्ही बाजूंना एकेक इंच कोरा राहील.

काळेपणाचं कारण बहुधा पडद्याचा उजेड. पडदा स्वतः प्रकाश टाकतो, कागद खोलीतला प्रकाश परत देतो. ब्राइटनेस पूर्ण ठेवून फोटो ‘बरोबर’ केला, की खरं तर तो अंधारा केलेला असतो. पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी खिडकीच्या उजेडात कोरा कागद धरा आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. मग त्याच फोटोच्या चार ४ × ६ प्रती द्या : एक जशीच्या तशी, बाकीच्या एक तृतीयांश, दोन तृतीयांश आणि एक स्टॉप उजळ. कोपऱ्यात आकडा टाकून ठेवा. फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत असू द्या आणि काउंटरवर ‘ऑटो करेक्शन नको’ असं बजावा, नाहीतर यंत्र चारही प्रती एकसारख्या करून देतं आणि पैसे पाण्यात जातात. यातली आवडलेली प्रत जिथे फोटो टांगायचा त्याच भिंतीपाशी बघून निवडा.

पिक्सेलचंही तपासा. १२ × १८ साठी इंचाला ३०० धरले तर ३६०० × ५४०० लागतात. भिंतीवरच्या फोटोला २०० सुद्धा पुरतात, म्हणजे २४०० × ३६००. व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या पद्धतीने आलेला फोटो लांबीला साधारण १६०० पिक्सेलचा उरतो, तो ५ × ७ च्या पुढे ओढू नका. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. सॉफ्टवेअरमध्ये इंचाला ७२ पिक्सेल हा आकडा पुसून ३०० लिहिल्याने एक पिक्सेलही वाढत नाही.

प्रश्न : फ्रेमसाठी ग्लॉसी की मॅट? (पणजी)

उत्तर : काचेमागे मॅट किंवा सिल्क. ग्लॉसी प्रिंट दमट हवेत काचेला चिकटते, आणि सोडवायला गेलं की वरचा थर काचेवरच राहतो. कागद कोणताही घ्या, फ्रेमवाल्याकडून मध्ये माउंट बोर्ड घालून घ्या, म्हणजे काच आणि प्रिंट यांत दोन मिलिमीटरची फट राहते. आधीच चिकटली असेल तर ओढू नका. काचेसकट स्कॅन करून नवी प्रिंट काढा.