कोल्ड्रिंकनं काय विरघळतं?

प्रश्न : बोअरच्या पाण्यामुळे पाणी तापवायच्या रॉडवर पांढरा जाड थर चढलाय. रात्रभर कोलात ठेवला की निघतो म्हणतात. खरंय का? (परभणी)

उत्तर : पातळ थर थोडाफार सुटेल, जाड नाही. कोलाचा पीएच अडीचच्या आसपास, म्हणजे जवळपास लिंबाच्या रसाइतका. त्यावरूनच लोक फसतात. पीएचवरून आंबटपणाची तीव्रता कळते, आम्लाचा साठा कळत नाही. लिटरभर कोलात फॉस्फरिक आम्ल जेमतेम अर्धा-पाऊण ग्रॅम. तेवढ्यात अर्धा ग्रॅम क्षार विरघळला तरी पुष्कळ. गॅसचं आम्ल थोडा हात देतं, पण बाटली उघडली की तो उडायला लागतो.

त्यापेक्षा किराणा दुकानातून लिंबूसत्व आणा. प्लग काढून रॉड गार होऊ द्या. प्लॅस्टिकच्या भांड्यात एक लिटर कोमट पाणी, त्यात ३० ग्रॅम लिंबूसत्व. फक्त कॉइल बुडवा, मूठ आणि वायर वर राहू द्या. बुडबुडे थांबले की एकतर थर संपला, नाहीतर आम्ल संपलं; थर दिसत असेल तर नवं पाणी करा. मग जुन्या टूथब्रशनं घासून दोन पाण्यांनी धुवा, कोरडा करा. सुरीनं खरवडू नका, वरचा मुलामा निघतो. आणि या पाण्यात ब्लीचिंग पावडर चुकूनही नको. क्लोरीन वायू सुटतो.

प्रश्न : ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या टर्मिनलवर कोला ओतावा का? (जालना)

उत्तर : साचलेली पूड थोडी वाहून जाते, पण तिच्यात बॅटरीचंच आम्ल असतं, त्यावर आणखी आम्ल कशाला? शिवाय साखरेचा चिकटा मागे राहतो, त्यावर धूळ बसते. इंजिन बंद करून आधी निगेटिव्ह वायर सोडा, मग पॉझिटिव्ह. कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा कालवून ब्रशनं लावा. सेलची झाकणं घट्ट हवीत. सोडा आत गेला तर आतलं आम्ल मारतो. धुऊन, पुसून वायरी जोडा, पॉझिटिव्ह आधी. वरून ग्रीस.

प्रश्न : दात कोलात ठेवला तर एका रात्रीत विरघळतो का? (लातूर)

उत्तर : नाही. १९५० मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे कॉर्नेल विद्यापीठाचे क्लाइव्ह मॅकके यांनी दोन दिवसांत दात विरघळू ‘लागतो’ असं सांगितलं होतं. पुढे ‘लागतो’ गळालं आणि दोन दिवसांची रात्र झाली. तोंडात तर लाळ आम्ल धुऊन काढत असते. तरी पीएच साडेपाचच्या खाली गेला की दाताचं कवच झिजू लागतं, म्हणून तासभर घोट-घोट पिणं एका बैठकीत संपवण्यापेक्षा वाईट. शुगर-फ्रीमध्ये साखर नसते, आम्ल असतंच. प्यायल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरा. ब्रश मात्र अर्ध्या तासानं, कारण मऊ पडलेलं कवच घासलं तर जास्त झिजतं.