रिपोर्ट नॉर्मल, तरी सांधे दुखतात

या वेळच्या पत्रांत एक वाक्य वेगवेगळ्या हस्ताक्षरांत आलं आहे : ‘डॉक्टर म्हणाले, काही नाही, टेन्शन घेऊ नका.’ त्यातही एकाच घरात दोन-तीन पिढ्यांचे सांधे धरलेले आहेत, अशांची पत्रं आधी घेतली. नावं अर्थातच छापलेली नाहीत.

प्रश्न : मुलगी चौदा वर्षांची आहे. जिना उतरताना तिच्या गुडघ्याची वाटी सरकते, घोटा सारखा मुरगळतो, पेपर लिहिताना बोटं दुखून रडू येतं. माझा खांदा दोनदा निखळलाय. आईचे गुडघे पन्नाशीतच गेले. मुलीचा एक्स-रे, आरए फॅक्टर, युरिक ॲसिड सगळं नॉर्मल. एक डॉक्टर तिच्यासमोरच म्हणाले, ‘परीक्षा आली की दुखतं ना?’ तेव्हापासून ती दुखलं तरी सांगत नाही. (एक आई, सिडको)

उत्तर : शेवटची ओळ मला सगळ्यात जास्त खटकली. आधी तिला सांगा, की दुखणं खरं आहे आणि त्याला कारण असू शकतं.

तुम्ही केलेल्या तपासण्यांत आमवाताची (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आरए) खूण, झीज किंवा वाढलेलं युरिक ॲसिड कळतं. सांधा मुळातच सैल असेल तर त्यांत काही दिसणार नाही. सांधे जागच्या जागी धरून ठेवणारे अस्थिबंध कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे असतात आणि काही घराण्यांत ते जन्मतःच जास्त ताणले जातात. आजी, आई, नात अशी रांग लागली की माझ्या मनात पहिला विचार याचाच येतो.

बायटन नावाची साधी तपासणी आहे, गुण नऊ. करंगळी मागे नव्वद अंशांपलीकडे जाते का? मनगट वाकवून अंगठा कोपराखालच्या हाताला आतल्या बाजूने टेकतो का? कोपर आणि गुडघा सरळ रेषेच्या मागे जातात का? या चारांचा प्रत्येक बाजूला एकेक गुण. गुडघे न वाकवता दोन्ही तळवे जमिनीला टेकले, तर नववा. वयात आलेल्यांना पाच, लहान मुलांना सहा आणि पन्नाशीपुढे चार गुण असले तर सांधे सैल समजतात. आजींना आज वाकता येणार नाही, म्हणून त्यांना तरुणपणाबद्दल विचारा. ही तपासणी डॉक्टरांकडे एकदा होऊ द्या. घरी आल्या-गेल्याला बोटं वाकवून दाखवायची नाहीत.

नुसते सैल सांधे म्हणजे आजार नव्हे. कितीतरी लोक तसेच मजेत जगतात. पण सैलपणासोबत दुखणं, सांधा निखळणं, मऊ ताणली जाणारी कातडी, घरात तोच इतिहास असं सगळं जुळलं तर ‘हायपरमोबाइल एलर्स-डॅनलॉस’चा विचार करावा लागतो. १९०१ आणि १९०८ साली याचं वर्णन करणाऱ्या एका डॅनिश आणि एका फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाची ही नावं. या प्रकाराची जनुकीय चाचणी अजून नाही, निदान तपासून आणि विचारूनच होतं. म्हणून पाच मिनिटांच्या ओपीडीत ते निसटतं. शिवाय चौदाव्या वर्षी नावाचा शिक्का मारायची घाईही नको.

उपचार थांबवायचे मात्र नाहीत. फिजिओथेरपिस्टकडून मांडी, नितंब आणि खांद्याचे स्नायू बळकट करून घ्या. अस्थिबंधांचं काम स्नायूंना उचलावं लागतं. योगवर्गात ‘काय लवचिक अंग आहे!’ म्हणून हिलाच पुढे उभी करत असतील, तर ते आधी बंद. ताणण्याचे व्यायाम तिला नकोत. जाड पकडीचं पेन द्या, आणि पेपरला जादा वेळ मिळावा म्हणून डॉक्टरांचं पत्र शाळेत द्या.

एक गोष्ट मात्र वेळ न घालवता सांगा. घराण्यात कुणी तरुणपणी रक्तवाहिनी किंवा आतडं अचानक फुटून दगावलं असेल, तर ते पहिल्याच भेटीत. तो प्रकार वेगळा आणि धोक्याचा आहे, त्याची जनुकीय चाचणी होते.

प्रश्न : वय २९, अंबडला कंपनीत आहे. चार वर्षं कंबर दुखते. पहाटे तीन-चारला जाग येते, उठून फेऱ्या मारल्या की बरं वाटतं. कमरेचा एमआरआय झाला, ‘गादी थोडी सरकलीय’ म्हणून पट्टा आणि आराम सांगितला. आरामाने वाढतं. वडील पन्नाशीतच पुढे वाकले, मान वळत नाही. काकांचा डोळा सारखा लाल होतो.

उत्तर : गादीचं दुखणं सहसा आडवं पडलं की कमी होतं. तुमचं उलट आहे. तरुण वय, पहाटेची जाग, हालचालीने आराम, वडिलांची पाठ आणि काकांचा डोळा एकत्र पाहिले तर ‘अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस’ (पाठीच्या कण्याचा संधिवात) तपासायलाच हवा. कमरेच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये माकडहाडाच्या वरचं त्रिकास्थी हाड आणि खुब्याचं हाड यांमधले सांधे नीट पाहिलेले नसतात. त्या सांध्यांचा एमआरआय वेगळा मागावा लागतो. एक्स-रेवर बदल दिसायला वर्षं जातात.

एचएलए-बी२७ ही रक्ततपासणी करा, पण पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरू नका. ते असलेल्या बहुतेकांना हा आजार होत नाही. ऑर्थोपेडिकपेक्षा संधिवाततज्ज्ञाकडे जा. पट्टा काढा, रोज व्यायाम करा, सिगारेट असेल तर सोडा. डोळा लाल होऊन दुखला, उजेड सहन होईना, तर मेडिकलमधून थेंब न आणता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : आम्ही दिंडोरीकडे द्राक्षबागेत छाटणीला जातो. सकाळी बोटं सुजलेली असतात, तास-दीड तास कात्री धरता येत नाही. आईची बोटं वाकडी झाली होती. आरए टेस्ट निगेटिव्ह आली, ‘कामाने दुखतं’ म्हणाले. गावात एक जण पुड्या देतो, त्याने लगेच बरं वाटतं.

उत्तर : नुसत्या कामाचं दुखणं काम केल्यावर, संध्याकाळी वाढतं. सकाळी तासभर बोटं आखडणं आणि दोन्ही हातांना सूज येणं हे आमवाताचं लक्षण आहे. आमवात असलेल्या शंभरातल्या वीस-तीस जणांची आरए टेस्ट निगेटिव्हच येते. सोबत अँटी-सीसीपी, ईएसआर, सीआरपी या रक्ततपासण्या करून घ्या. डॉक्टरांकडे शक्यतो सकाळी जा. दुपारपर्यंत सूज उतरते आणि तुमचं म्हणणं खोटं ठरतं. नाहीतर सुजलेल्या हातांचा फोटो सकाळीच काढून ठेवा.

पुडीने एका दिवसात फरक पडतो, तेव्हा तिच्यात स्टेरॉइड असण्याची दाट शंका येते. बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंद करू नका, जिवावर बेतू शकतं. पुडी डॉक्टरांना दाखवा. पुढे मेथोट्रेक्सेट सुरू झालं तर ती गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी असते. रोज घेतल्यास विषासारखी लागू होते. मूल हवं असेल तर हे औषध चालत नाही, तेही आधीच सांगा.

प्रश्न : सांधे दुखतात म्हणून दही, चिंच, आंबट द्राक्षं सासूबाईंनी बंद केलीत. बरोबर आहे का?

उत्तर : नाही. खाऊ द्या. युरिक ॲसिडचा त्रास असेल तर बिअर, कलेजी आणि गोड कोल्ड्रिंक्स बंद करा.

प्रश्न : डॉक्टर ऐकूनच घेत नाहीत. बदलले की नवे म्हणतात, जुनी फाईल आणा, आणि जुने ती देत नाहीत.

उत्तर : ‘सगळं अंग दुखतं’ ने सुरुवात केलीत की समोरच्याचं पेन पेनकिलरकडेच वळतं. हे चूकच आहे, पण तसं होतं. एका कागदावर लिहून न्या : कोणता सांधा, कधीपासून, सकाळी किती वेळ आखडतो, सूज दिसते का, घरात आणखी कुणाला काय. ‘कोणता आजार नाही, असं तुम्हाला कशावरून वाटतं?’ हा एक प्रश्न शांतपणे विचारा. उत्तर देता आलं नाही, तर दुसरं मत घ्या. त्यात कुणाचा अपमान नाही.

फाईलचं म्हणाल, तर भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. तोंडी मागू नका. अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.