अमेरिकेशी वेळेचा फरक साडेनऊ तासांचा की साडेदहा तासांचा?

आपण लातूरहून एका अमेरिकी ग्राहकाचे काम पाहता, दर आठवड्याला ठरलेल्या वेळी त्यांच्याबरोबर कॉल असतो, आणि मार्च महिन्यात कोणी काही न कळवता तो एक तास अलीकडे आला. तेव्हा फरक नक्की किती धरायचा आणि हा घोळ दरवर्षी होणार का, असे आपण विचारले आहे. मी गेली अकरा वर्षे वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ग्राहकसंपर्काचे काम करते. आमचा एक ग्राहक अमेरिकेच्या मिशिगन राज्यात डेट्रॉईटजवळ आहे आणि दुसरा जर्मनीत स्टुटगार्टजवळ, आणि आठवड्यातून एकदा तिघांनाही एकत्र बोलावे लागते. त्यामुळे हा घोळ मी स्वतः घातलेला आहे आणि इतरांनी घातलेला निस्तरलेलाही आहे.

घोळ दरवर्षी होणार, आणि एकदा नव्हे तर दोनदा होणार. युरोपातील कोणी त्याच कॉलवर असेल तर वर्षातून चार तारखा सांभाळाव्या लागतील. फरक साडेनऊ तासांचाही खरा आहे आणि साडेदहा तासांचाही. आपले घड्याळ वर्षभर हलत नाही, त्यांचे हलते. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळ एकदम तीनवर नेतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोनचे पुन्हा एक करतात. सध्याच्या या तारखा २००५ च्या कायद्याने ठरल्या आणि २००७ पासून लागू झाल्या. न्यूयॉर्क किंवा डेट्रॉईट आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते आणि उन्हाळ्यात साडेनऊ. शिकागोसाठी हेच आकडे साडेअकरा व साडेदहा आहेत, तर लॉस एंजेलिससाठी साडेतेरा व साडेबारा. आपला ग्राहक ॲरिझोनातील फिनिक्सचा असेल तर मात्र आपण सुटलात, कारण त्या राज्यात, नवाहो लोकांचा प्रदेश वगळता, घड्याळ हलवत नाहीत आणि फरक बारा महिने साडेबारा तासांचाच राहतो. म्हणून ‘अमेरिकेशी फरक किती’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या गावाशी आणि कोणत्या तारखेला, हे दोन्ही कळल्याशिवाय त्याला उत्तर देता येत नाही.

माझी फजिती अशी झाली. आमचा कॉल तेव्हा डेट्रॉईटच्या सकाळी नऊ वाजता असे, म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे सायंकाळी साडेसात. मी नोव्हेंबरअखेरीस या कामावर रुजू झाले होते, त्यामुळे चार महिने साडेसातचीच सवय लागली होती आणि तसा कागदच मी टेबलासमोर चिकटवून ठेवला होता. मार्चमधल्या एका मंगळवारी पावणेसातला मी दोन सहकाऱ्यांबरोबर छोट्या पंढरपूरच्या रस्त्यावर चहा घेत उभी होते, तेव्हा साहेबांचा फोन आला की ग्राहक पंधरा मिनिटांपासून वाट पाहत आहे आणि आपण सगळे कुठे आहात. त्याच कॉलवर आम्हाला एका नापास झालेल्या लॉटचे स्पष्टीकरण द्यायचे होते. आधीच माल परत आलेला, त्यात पुरवठादार वेळेवर हजर नाही. पुढचा अर्धा तास काय ऐकून घ्यावे लागले असेल याची आपण कल्पना करू शकाल. विशेष म्हणजे माझ्या संगणकातील कॅलेंडर साडेसहाच दाखवत होते. मी त्याकडे पाहिलेच नव्हते, कारण माझा विश्वास कागदावर होता.

यातून जो मुद्दा मला समजला तोच आपल्या प्रश्नाचा गाभा आहे असे मी मानते. दर आठवड्याला होणाऱ्या प्रत्येक कॉलला एक मालक घड्याळ असते. ज्या गावाची वेळ धरून निमंत्रण तयार केले असेल त्या गावात कॉल वर्षभर त्याच वेळी राहतो आणि बाकी सगळ्यांकडे तो सरकतो. निमंत्रण डेट्रॉईटहून निघाले असेल तर त्यांचे नऊ हे नऊच राहतात आणि आपले साडेसात मार्चमध्ये साडेसहा होतात, नोव्हेंबरमध्ये पुन्हा साडेसात. निमंत्रण भारतीय वेळेवर तयार केले असेल तर आपण जागचे हलत नाही आणि तेच सरकतात. गूगल कॅलेंडर असो की आउटलुक, दोन्ही हा हिशेब बिनचूक करतात. चूक होते ती आपण तो आकडा कागदावर, व्हॉट्सॲपच्या गटात किंवा एक्सेलच्या तक्त्यात एकदा उतरवून घेतो आणि पुढे तोच खरा मानतो तेव्हा. आमच्याकडे एका तक्त्यात कोणीतरी साडेदहा तास मिळवण्याचे सूत्र घालून ठेवले होते आणि ते बरीच वर्षे हिवाळ्यापुरते अचूक चालत होते.

माझे वडील पैठण तालुक्यात शेती करतात. त्यांना मी हा प्रकार सांगितला तेव्हा त्यांना काहीच नवल वाटले नाही. शेतीपंपाची वीज एका आठवड्यात दिवसा आणि दुसऱ्या आठवड्यात रात्री येते, वेळापत्रक दुसरे कोणी ठरवते, आणि पाणी द्यायला उठायचे ते आपण, असे ते म्हणाले. घड्याळ पुढे केल्याने दिवस कसा मोठा होतो, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत पटले नाही, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. दिवस तेवढाच राहतो. पहाटेचा, लोक झोपेत असतानाचा उजेड उचलून संध्याकाळच्या वापरात आणला जातो, इतकेच. डेट्रॉईटला वर्षातील सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वापंधरा तासांचा आणि सर्वांत लहान सुमारे नऊ तासांचा असतो, त्यामुळे तिथे हलवण्याजोगा उजेड असतो. छत्रपती संभाजीनगरला हाच फरक सुमारे सव्वातेरा आणि अकरा तासांचा आहे. त्यासाठी कोण घड्याळे फिरवत बसेल? तरीही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतातही घड्याळ एक तास पुढे ठेवलेले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आणि ही पद्धत शेतकऱ्यांसाठी निघाली, अशी जी समजूत सर्वत्र ऐकू येते ती खोटी आहे. जर्मनीने १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धात इंधन वाचवण्यासाठी ती देशभर लागू केली, अमेरिकेने १९१८ मध्ये, आणि अमेरिकेतील शेतकऱ्यांचा तिला इतका विरोध होता की पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्षांचा नकार डावलून तेथील संसदेने ती रद्द केली. गाय घड्याळ पाहून दूध देत नाही, हे पैठणला जितके खरे तितकेच मिशिगनला.

आता युरोपकडे येते, कारण खरा गुंता तिथे आहे. युरोपीय संघातील देश व ब्रिटन आपली घड्याळे मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतात. म्हणजे अमेरिका आधी हलते आणि युरोप दोन किंवा तीन आठवड्यांनी. २०२६ मध्ये अमेरिकेची तारीख ८ मार्च आणि युरोपची २९ मार्च, म्हणजे मधले अंतर तीन आठवड्यांचे. २०२७ मध्ये १४ आणि २८ मार्च, म्हणजे दोन आठवड्यांचे. परत येताना क्रम उलटा असतो: युरोप २५ ऑक्टोबर २०२६ रोजी मागे येईल आणि अमेरिका १ नोव्हेंबरला, त्यामुळे तिथे अंतर नेहमी एकाच आठवड्याचे. या मधल्या काळात डेट्रॉईट आणि स्टुटगार्ट यांच्यातील फरक सहा तासांऐवजी पाच तासांचा होतो. आमच्या जर्मन ग्राहकाचा कॉल दुपारी तीनचा असे. त्या तीन आठवड्यांत तो दोनला येई, आणि त्याच्या गावात घड्याळ हललेले नसल्यामुळे त्याला ते लक्षात येण्याचे काही कारणच नसे. जर्मनीशी आपला फरक हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तासांचा असतो, लंडनशी साडेपाच आणि साडेचार. सिडनीशी काम पडले तर दिशाच उलटी होते, कारण तिकडची उन्हाळी वेळ ऑक्टोबर ते एप्रिल असते. शिवाय ब्रिस्बेनमध्ये घड्याळ हलवत नाहीत, म्हणजे एकाच देशाच्या एकाच किनाऱ्यावर अर्धे वर्ष दोन वेगवेगळ्या वेळा.

लघुनामांबद्दल मी आपल्याला आवर्जून सावध करते. आपण आयएसटी लिहितो तेव्हा भारतीय प्रमाणवेळ मनात असते, पण इस्रायलची वेळ आणि आयर्लंडची उन्हाळी वेळ यांचेही लघुनाम तेच आहे. सीएसटी म्हणजे शिकागोचीही वेळ आणि चीनचीही. अमेरिकेतील माणसे जुलै महिन्यातही सवयीने ईएसटी, म्हणजे न्यूयॉर्क-डेट्रॉईटची हिवाळी वेळ, लिहितात, वास्तविक तेव्हा तिथे ईडीटी, म्हणजे उन्हाळी वेळ, चालू असते, आणि आपल्यासारखा शब्दाला धरून चालणारा माणूस हिशेब करून बरोबर एक तास उशिरा पोहोचतो. लंडनची वेळ म्हणून जीएमटी, म्हणजे ग्रीनिचची प्रमाणवेळ, लिहिणारेही पुष्कळ आहेत. उन्हाळ्यात लंडन जीएमटीच्या एक तास पुढे असते. म्हणून मी लघुनामे वापरणे पूर्ण सोडले आहे आणि ‘डेट्रॉईटचे सकाळी नऊ’ असे गावाचे नाव घालूनच लिहिते. गाव स्वतःचा नियम बरोबर घेऊन येते. वार आणि तारीखही मी दोन्ही बाजूंची लिहिते, कारण लॉस एंजेलिसचा गुरुवार रात्री नऊचा कॉल उन्हाळ्यात आपल्याकडे शुक्रवारी सकाळी साडेनऊचा असतो, आणि ‘गुरुवारी बोलू’ एवढ्यावर ठरलेले बोलणे कधीच होत नाही.

आमच्याकडे शेवटी तोडगा निघाला तो थोड्या वेगळ्या कारणाने. आमच्या कारखान्यातून उशिरा थांबणाऱ्यांची बस पावणेआठला सुटते. उन्हाळ्यात साडेसहाचा कॉल सव्वासातपर्यंत संपे आणि बस मिळे. हिवाळ्यात कॉल सुरू होऊन पंधरा मिनिटे होतात तोच बस निघून जाई, आणि नगर रस्त्यावरच्या ट्रकांच्या गर्दीतून अंधारात स्कूटीवर घरी जावे लागे. तीन हिवाळे मी आणि आमच्या गुणवत्ता विभागातील मॅडम यांनी असेच काढले, कारण ग्राहकाला वेळ बदलायला सांगायचे नसते, असे आम्ही धरून चाललो होतो. चौथ्या वर्षी मी ऑक्टोबरमध्ये सरळ लिहून विचारले की कॉल भारतीय वेळेनुसार वर्षभर सायंकाळी साडेसहाला ठेवता येईल का. तुम्हाला तो हिवाळ्यात सकाळी आठला आणि उन्हाळ्यात नऊला येईल. दुसऱ्याच दिवशी होकार आला. डेट्रॉईटकडील गृहस्थांनी इतकेच लिहिले की ते तसेही सात वाजता कार्यालयात येतात.

न हलणाऱ्या घड्याळाला मालक करण्याचा एक फायदा मला तेव्हा सुचलाही नव्हता. आता कोणाचाही कॉल सरकतो तो त्याच्या स्वतःच्या गावात घड्याळ बदलते त्याच आठवड्यात. डेट्रॉईटचा माणूस रविवारी स्वयंपाकघरातले घड्याळ पुढे करतो, सोमवारी अर्धवट झोपेत कामावर येतो, तेव्हा मंगळवारचा कॉल आठऐवजी नऊला आहे हे त्याला चटकन पटते. स्टुटगार्टचा माणूस तीन आठवड्यांनी हेच करतो आणि त्याचा कॉल दोनवरून तीनवर जातो. दुसऱ्या देशाच्या कायद्यामुळे आपली वेळ बदलली, असे कोणाच्याच वाट्याला येत नाही. जपान, सिंगापूर, संयुक्त अरब अमिरात यांच्याशी काम असते तर हा प्रश्नच उद्भवला नसता, कारण तिकडेही घड्याळ हलत नाही.

आपला ग्राहक यासाठी तयार नसेल, तर निमंत्रण त्यांच्या गावाची वेळ निवडूनच तयार करावे किंवा त्यांनाच पाठवू द्यावे, आणि आपल्या कॅलेंडरमध्ये त्यांच्या गावाची वेळ दाखवणारा दुसरा रकाना उघडा ठेवावा. आउटलुक व गूगल या दोन्हींत ती सोय आहे. फोन आणि संगणकाचे अपडेटही लांबवू नयेत, कारण देश हे नियम अधूनमधून बदलतात आणि नवे नियम अपडेटमधूनच येतात. मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक भागांत ही पद्धत बंद केली, ब्राझीलने २०१९ मध्ये. युरोपीय संसदेने २०१९ मध्ये ती संपवण्याच्या बाजूने मत दिले, पण सदस्य देशांचे एकमत न झाल्याने ते तसेच पडून राहिले.

याउपर मी मार्चच्या पहिल्या सोमवारी आणि ऑक्टोबरच्या तिसऱ्या सोमवारी तिन्ही ठिकाणी एक छोटी मेल पाठवते. आपल्याला उपयोगी पडेल म्हणून तिचा २०२६ च्या मार्चचा मजकूर देते. आपल्या गावांची नावे, वेळा आणि त्या वर्षाच्या तारखा घालून तो वापरावा: ‘मंगळवारचा कॉल वाळूज येथे नेहमीप्रमाणे सायंकाळी ६.३० वाजता होईल. डेट्रॉईट येथे १० मार्चपासून सकाळी ९.०० (आतापर्यंत ८.००). स्टुटगार्ट येथे २४ मार्चपर्यंत दुपारी २.००, ३१ मार्चपासून ३.००. कृपया आपल्या कॅलेंडरशी ताडून पाहावे आणि वेगळे काही दिसल्यास आजच कळवावे.’